चौथीचा हिरवा वर्ग

सोमवार, ८ जुलै

प्रदीपकुमारला मी सोडणार नाही. हे आज लिहून ठेवते, कारण माझा राग फार टिकत नाही असं आमच्या श्रीधररावांचं म्हणणं आहे. या वेळी टिकवायचा आहे.

सकाळी कॉलेजात शिरले तर फळ्यावर कागद. ‘प्राथमिक गणित: मुलांच्या डेटावरून अध्यापन. प्रमुख, प्रदीपकुमार. साहाय्य, नीला एस.’ साहाय्य! या कॉलेजात भावी शिक्षकांना गणित शिकवायला शिकवते ती मी. राजाजीनगरच्या अर्ध्या शाळांतले शिक्षक माझ्या हाताखालून गेले आहेत. प्रदीपकुमारला इथे आणला तोही मीच. संस्थेच्या अध्यक्षांकडे, अप्पासाहेबांकडे, जाऊन मी शब्द टाकला होता, आपल्यातला मुलगा आहे, हुशार आहे, घ्या. दोन वर्षं तो माझ्यामागून शाळा-शाळांतून फिरला. मी मुलाशेजारी जमिनीवर बसायची, गणित द्यायची आणि उत्तर बरोबर येवो की चूक, विचारायची, ‘कसं केलंस, सांग.’ मग ते मूल जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायची. एवढीच माझी पद्धत. तो शेजारी उभा राहून बघायचा.

मग म्हैसूरच्या परिषदेत त्याने ती पडद्यावर दाखवली. नाव दिलं ‘पीके पद्धत’. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून मीही वाजवल्या. त्याने चोरलं ते एक वेळ सोडून देईन, पण त्या टाळ्या माझ्या हातून वाजल्या, ते नाही सोडणार.

त्यानंतर त्याने ॲप केलं. मुलानं टॅबवर गणितं सोडवायची, ॲप त्याला रंग देणार. लाल म्हणजे अडलेलं, पिवळं म्हणजे मधलं, हिरवं म्हणजे येतंय. माझी पद्धत त्यात कुठे आहे ते शोधायला भिंग लागेल. तरी संस्था खूश.

रात्री जेवताना ह्यांना सांगितलं. म्हणाले, ‘संस्थेला ॲप पाहिजे, तो तरुण आहे, सोडून दे की.’

‘सोडते की,’ मी म्हणाले. ‘आधी त्याला तोंडघशी पाडते, मग सोडते.’

गुरुवार, ११ जुलै

नव्या तुकडीचा पहिला तास. आधी प्रमुख बोलले. पडद्यावर रंगीत ठिपके, एकेक ठिपका म्हणजे एकेक मूल. मुली अगदी भारावून बघत होत्या. मग साहाय्यक उठली.

मी फळ्यावर ४३ वजा १८ लिहिलं. खाली दोन मुलांची उत्तरं, एकाचं ३५ आणि एकाचं २६. ॲपमध्ये दोघंही लाल. पण पहिल्यानं तिनातून आठ जात नाहीत म्हणून आठातून तीन काढले, त्याला वजाबाकीच कळलेली नाही. दुसऱ्याला सगळं कळलंय, मोजताना एक घसरला. दोघांना एकच औषध दिलं तर एक बरा होत नाही आणि दुसरा उगीच आजारी पडतो.

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, मग ॲप फक्त प्रॉब्लेम कुठे आहे ते सांगतं. का आहे ते कसं कळणार?’

‘मुलाला विचारून,’ मी म्हणाले.

प्रदीपकुमार दाराशी उभा होता. त्याने फोन काढून काहीतरी टिपलं. टिप बाबा, पुढच्या परिषदेला उपयोगी पडेल.

त्या मुलीचं नाव अश्लेषा. पुण्याची. नवऱ्याची नोकरी इकडे, राहते मारतहळ्ळीला. स्वतः सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करत होती, ते सोडून शिक्षिका व्हायला निघाली आहे. सासरचे वेड्यात काढतात म्हणे. रोज सगळं शहर ओलांडून येते. मला आवडली. असली एखादीच सापडते.

शनिवार, २० जुलै

बनशंकरीला संस्थेचीच शाळा आहे, तिथे आमच्या मुली सरावाला जातात. अश्लेषाला चौथीचा वर्ग मिळाला. आज मी बघायला गेले.

त्या वर्गात चंदना नावाची पोर आहे. बाप रिक्षा चालवतो, घरात आपल्यासारखंच कन्नडमिश्रित मराठी. ॲपमध्ये लाल, कारण वेळ संपेपर्यंत तिचं उत्तर येत नाही. अश्लेषा म्हणाली, ‘मॅडम, ही बेंचखाली काहीतरी करते. मी विचारलं तर हात लपवते.’

मी खाली बसले आणि माझेच दोन्ही हात पुढे केले. म्हणाले, ‘माझ्या हातांवर करून दाखव.’ थोड्या वेळानं तिनं तिचे हात वर काढले. बावन्नातून सत्तावीस. उजव्या हाताच्या पेरांवर अंगठा ठेवत ती सत्तावीसवरून तिसापर्यंत चढली, तीन पेरं. मग डाव्या हाताची दोन बोटं, चाळीस, पन्नास. मग परत उजवीकडे दोन पेरं, बावन्न. डावीकडचे दोन दहा, उजवीकडचे पाच. पंचवीस. उजवा हात सुट्यांचा, डावा दहांचा. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. तिचं तिनं शोधून काढलंय. वर्गातली बाकीची पोरं हातचा घ्यायचा म्हणून घेतात, का घ्यायचा ते एकालाही सांगता येत नाही.

अश्लेषानं विचारलं, ‘बोटं वापरणं बंद करायला लावू का?’

‘बोटं थांबवलीस तर विचार थांबेल,’ मी म्हणाले. ‘तिचे हात हीच तिची पाटी आहे. आपोआप सुटेल ते, तिच्या वेळेला.’

तिनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. येताना बसमध्ये मी किती वेळ हसत होते. प्रदीपकुमार डोक्यात आलाच नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण अशाच वेळी माणूस सैल पडतं.

मंगळवार, ३० जुलै

प्रदीपकुमार साहेब कॉफीचे दोन ग्लास घेऊन माझ्या टेबलाशी आले.

‘अक्का, ॲपमध्ये एक रकाना घालू या म्हणतो. मुलानं कसं केलं ते शिक्षिकेनं लिहायचं. तुम्ही सांगा कसा पाहिजे तो. नाव पण तुमचंच घालतो.’

‘माझं नाव रकान्यात कशाला? मला इथे साहाय्य म्हणून नेमलंय, मी साहाय्य करते.’

तो ग्लासाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, ‘म्हैसूरला माझं चुकलं अक्का. स्वल्प.’

स्वल्प! अख्खी पद्धत गिळली आणि म्हणे स्वल्प. दुकानदार साखर पुड्यात बांधताना म्हणतो तसं. मी म्हणाले, कॉफी गार होतेय. तो ‘सरी अक्का’ म्हणून गेला. मी कॉफी झाडाला घातली.

रकाना त्याने तरीही घातला. मला विकत घ्यायला बघतो आहे, दुसरं काय. त्यात लिहिते फक्त अश्लेषा. बाकीच्या मुली रंग भरून मोकळ्या होतात.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

वरमहालक्ष्मी. प्रदीपकुमारच्या बायकोचा कुंकवाला या म्हणून दोनदा फोन आला. मी डोकं दुखतंय म्हणाले. हे पुरणाचे ओबट्टू खाता खाता म्हणाले, ‘तिचा काय दोष?’ तिचा काही नाही. पण तिच्या घरच्या पाटावर बसून, तिच्या हातचं खाऊन मग तिच्या नवऱ्याचा काटा काढायचा हे मला जमणार नाही. एवढं तरी मी पाळते.

बुधवार, ११ सप्टेंबर

कळलं ते असं. सत्तावीस तारखेला अप्पासाहेब बनशंकरीच्या शाळेत येणार, सोबत बेळगाव, हुबळीच्या संस्थांचे पाहुणे. ते सगळे ॲप घेणार. आणि त्याच दिवशी प्रदीपकुमारला संस्थेच्या शिक्षक-प्रशिक्षणाचा संचालक जाहीर करणार. म्हणजे यापुढे रजेचा अर्जही मला त्याच्याकडे द्यावा लागेल.

त्याने भिंतीएवढा फलक करून घेतलाय: ‘चौथीचा संपूर्ण वर्ग हिरवा.’

मी दुपारी संगणकावर बसून त्या वर्गाचा सगळा डेटा उघडला. थोडं बघितल्यावर ध्यानात आलं. ॲप गणितं बदलतं, पण साचा बदलत नाही. तेच क्रम, तशीच मांडणी. सराव करून करून पोरांची बोटं आपोआप चालतात. उत्तर देण्याचा वेळ बघितला तर कुणाला विचार करायला लागतच नाही. वर्ग हिरवा आहे, पण निम्माशिम्मा पोपटांचा आहे.

चार वर्षांपूर्वीची मी असते तर उठून त्याच्या खोलीत गेले असते, म्हणाले असते, प्रदीप, हे बघ, साचे बदल, दोन आठवडे आहेत. त्याने केलंही असतं. मेहनती आहे, ते नाकारत नाही.

मूग गिळून घरी आले.

सोमवार, २३ सप्टेंबर

एका मुलाला उठवायचं, पाहुण्यांसमोर साधी वजाबाकी विचारायची आणि हिरव्या वर्गाचा रंग उतरवायचा. सोपं वाटलं होतं. पण मागच्या आठवड्यात सहज म्हणून वर्गात पाच-सहा जणांना उठवून बघितलं, तर पोपट फाडफाड बोलतात. उभे करा, उलटे टांगा, उत्तर हजर. पाहुण्यांना काय, उत्तर बरोबर आलं की झालं. ‘का’ विचारायला त्यांना सवड कुठे आहे? पोपट उठवला तर प्रदीपकुमारचाच जयजयकार होणार.

मला नक्की अडेल असं मूल पाहिजे.

आज अश्लेषाचा रकाना उघडला. इतकं सुंदर लिहिते ही मुलगी. एकेका मुलाचं अडणं, त्याला काय दिलं, दुसऱ्या दिवशी काय झालं. चंदना महिन्याभरापूर्वी हिरवी झाली. वेळ थोडा वाढवून दिला आणि कुणी हात बघत नाही एवढं केलं, बस. तिच्यापुढे लिहिलंय: ‘हात मोकळे असले की चुकत नाही. मुख्याध्यापिका आल्या की मुलं हात बांधून उभी राहतात, तेव्हा हिला काहीच येत नाही. अशा वेळी बसू द्यावं.’

मी ते दोनदा वाचलं.

त्या वर्गात एक मूल खरोखर विचार करतं, आणि त्याला कसं गप्प करायचं ते इथे लिहून ठेवलंय.

अश्लेषा मागे येऊन उभी होती. म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही माझ्या नोंदी वाचताय? मला वाटलं कोणीच वाचत नाही.’

‘सगळ्या वाचते,’ मी म्हणाले. तिचा चेहरा असा फुलला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

चंदनाचं त्यात काही जात नाही. पाच मिनिटं गोरीमोरी होईल, सुट्टीत खेळायला गेली की विसरेल. पोरं विसरतात. मी नाही विसरले, पण मी पोर नाही.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

जमलं. सगळं क्रमानं लिहिते, एकही गोष्ट गाळणार नाही.

दहाच्या सुमारास अप्पासाहेब आले, फेटा, उपरणं, मागे चार पाहुणे. दारात रांगोळी, पाहुण्यांना म्हैसूर पाक. प्रदीपकुमारनं नवा कोट घातला होता. पडद्यावर जुलैचा वर्ग दाखवला, लालभडक, मग आजचा, हिरवागार. बेळगावचे पाहुणे मान डोलवत होते. अप्पासाहेब फुशारून म्हणाले, ‘ही आमची पोरं.’

मी नम्रपणे म्हणाले, ‘अप्पासाहेब, एखाद्या मुलाला विचारून बघू या का? पाहुण्यांनाही बरं वाटेल.’

‘विचारा की नीलाबाई. तुम्हीच विचारा.’

प्रदीपकुमारनं माझ्याकडे बघितलं आणि हसला. आभार मानल्यासारखा हसला, मूर्ख. त्याला वाटलं मी त्याच्या बाजूनं उभी राहिले.

‘चंदना,’ मी म्हणाले.

ती बाकावरून अर्धवट उठली. प्रदीपकुमार म्हणाला, ‘बसूनच सांग, परवा नाही, चालतं.’ अश्लेषाही खिडकीजवळून म्हणाली, ‘हो, बसू दे ना मॅडम.’

‘पाहुणे आलेत,’ मी म्हणाले. ‘नीट उभी राहा चंदना. हात बांधून.’

अप्पासाहेबांनी पसंतीची मान हलवली. शिस्त म्हणजे शिस्त. सगळ्या शाळांतून पोरं पाहुण्यांपुढे अशीच उभी राहतात, मीही राहायचे. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. चंदनानं हात बांधले.

‘बावन्नातून सत्तावीस गेले, किती?’

ती माझ्याकडे बघत राहिली. मी जुलैत तिच्याशेजारी जमिनीवर बसलेली बाई, तिची समजूत असावी की मी काहीतरी करेन. बांधलेल्या हातांच्या आत तिचा अंगठा हलत होता, पण पेरांपर्यंत पोचत नव्हता. वर्गात कुणीतरी कुजबुजलं.

‘बरं, एकसष्टातून अडतीस?’

काही नाही.

‘चाळिसातून सोळा?’

अंगठाही हलायचा थांबला. पाहुण्यांपैकी एकानं हळूच घड्याळ बघितलं. अप्पासाहेबांचा चेहरा उतरला, मग चढला. ‘ही हिरवी आहे ना?’ त्यांनी प्रदीपकुमारला विचारलं. तो म्हणाला, ‘हो, पण तिला बसून...’ ‘उभं राहिलं की गणित पळून जातं काय?’ अप्पासाहेब गरजले. पाहुणे हसले. एकदा पाहुणे हसले म्हणजे अप्पासाहेबांच्या लेखी माणूस संपला, हे संस्थेत शिपायालाही माहीत आहे.

फलक दुपारीच उतरवला. संचालकाची घोषणा झाली नाही. निघताना अप्पासाहेब मला म्हणाले, ‘जुनं ते खणखणीत असतं नीलाबाई. सोमवारी येऊन भेटा.’

चंदना तशीच उभी होती. तिला बस म्हणायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. शेवटी अश्लेषानं जाऊन तिचे हात सोडवले.

शनिवार, २८ सप्टेंबर

इतकी गाढ झोप कित्येक महिन्यांत लागली नव्हती. सकाळी ह्यांना स्वतः मसाला डोसा करून घातला. ‘झालं तुझं?’ म्हणाले. ‘झालं,’ म्हटलं. तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवणारी ती बाई आज जाऊन कुठेतरी शांत बसली असेल.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

दसऱ्याची सुट्टी लागली. प्रदीपकुमारचा करार संपत होता, पुढे वाढवला नाही. आज टेबल आवरायला आला. मला काही काम नव्हतं, पण मी मुद्दाम गेले. हे सुख मला बघायचं होतं, ते मी डोळे भरून बघितलं.

खोकं काखेत मारून तो माझ्यापाशी थांबला. मला वाटलं आता शिव्या देणार. तयार होते. म्हैसूरची एकेक ओळ मनात मांडून ठेवली होती, उलटून त्याच्या तोंडावर मारायला.

म्हणाला, ‘अक्का, ती पोर हुशार आहे. माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत. तिला कुणीतरी सांगा, तुझं चुकलं नव्हतं म्हणून. मी जाऊ नये आता त्या शाळेत, बरं दिसत नाही.’

आणि गेला. एक शब्द भांडला नाही. जाता जाता स्वतः मोठा होऊन गेला, आणि माझी सगळी तयारी तोंडातच राहिली. असा माणूस. दिवसभर चिडचिड झाली.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

काल सुट्टी संपली. दारावर पाटी लागली: संचालक, नीला एस. अप्पासाहेबांनी ॲप मात्र ठेवलं, पैसे गेलेत म्हणून. म्हणाले, तुमच्या पद्धतीनं चालवा.

पहिलंच काम म्हणून मी ‘कसं केलं’ हा रकाना सगळ्यांना सक्तीचा केला. आता माझी पद्धत माझ्या नावानं चालेल. संध्याकाळी उघडून बघितलं. सगळ्या मुलींनी काहीबाही लिहिलंय. रिकामा फक्त अश्लेषाचा.

तिला बोलावलं. ‘आजारी होतीस का?’

‘नाही मॅडम.’

‘मग?’

‘रंग भरलेत मी. बरोबर आहेत, चेक करा.’

‘मला रंग नको आहेत अश्लेषा. पोरं कशी विचार करतात ते हवंय. तुझ्याइतकं चांगलं कुणी लिहीत नाही.’

तिनं पिशवी खांद्यावर घेतली. मग म्हणाली, ‘मॅडम, चंदनानं मला तिचे हात दाखवले कारण तुम्ही तुमचे दाखवलेत. मी लिहिलं कारण मला वाटलं की ते वाचून कोणीतरी तिला बसू देईल.’ आवाज चढवला नाही. ‘मी परत लिहिणार नाही. मार्क कापा हवे तर.’

मी मार्क कापले. नियम म्हणजे नियम. पुण्याच्या मुली जरा हळव्याच असतात. शिक्षक होणं सोपं नाही, हे हिला कळायला वेळ लागेल. मला वाटतं तिला प्रदीपकुमारनं भरवलं असावं. दुसरं कारण दिसत नाही.

शनिवार, २ नोव्हेंबर

दिवाळी. फराळ करायचा कंटाळा आला, बाहेरून आणला. ह्यांनी विचारलं, संचालक झालीस, तरी तोंड असं का? म्हटलं कामाचा ताण. खरंच आहे तो.

सोमवार, ११ नोव्हेंबर

अश्लेषाचा रकाना अजून रिकामा. शेवटी म्हटलं, तू नाही लिहीत तर मी लिहिते, आणि आज स्वतः बनशंकरीला गेले. पहिलं नाव चंदनाचं घेतलं. मुद्दामच. एकदा ते तोंड बघून, दोन गणितं सोडवून घेऊन, हिरवा ठिपका टाकून विषय मिटवायचा होता. ॲपमध्ये ती आता लाल आहे.

मी तिच्या बाकाशेजारी जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले. ती मला बघून लगेच उठून उभी राहिली आणि तिनं हात बांधले.

‘बस ग,’ मी म्हणाले. ‘आज पाहुणे नाहीत.’

‘पंचवीस, तेवीस, चोवीस,’ ती म्हणाली.

मला आधी कळेना. मग कळलं. त्या दिवशीच्या तिन्ही गणितांची उत्तरं, त्याच क्रमानं. मी अजून काही विचारलंही नव्हतं.

‘बरोबर आहेत. कुणी करून दिली?’

‘कुणी नाही मिस. सुट्टीत पाठ केली. रोज. अम्मा बघायची हात बांधलेत का.’

मी म्हणाले, आपण नवीन करू, त्र्याहत्तरातून पंचेचाळीस. ती समोर भिंतीकडे बघत राहिली, पडदा लावला होता त्या भिंतीकडे. हात काखेत इतके घट्ट की मनगटं पांढरी पडली. मग म्हणाली, ‘पंचवीस.’

‘हात सोड चंदना. हातावर कर, तुझं ते, पेरांवरचं.’

‘नको मिस. हात सोडून केलं तर ते बरोबर धरत नाहीत.’

‘मी धरते.’

तिनं माझ्याकडे बघितलं. माझे दोन्ही हात मी पुढे केले होते. तिनं ते बघितले आणि स्वतःचे आणखी आवळून घेतले.

‘मिस, आता प्रदीप सर येतील ना?’

‘सर कशाला?’

‘मी चुकले म्हणून त्यांना घालवलं. वर्गात सगळे म्हणतात. अम्मा पण म्हणते, तू स्वल्प बोलली असतीस तर सर राहिले असते.’ ती एका दमात बोलत होती, हेही पाठ केल्यासारखं. ‘आता येतंय मला. हात बांधून पण येतंय. तुम्ही अप्पासाहेबांना सांगा की.’

‘तुझ्यामुळे नाही गेले ते.’

‘मग कुणामुळे?’

वर्गात अश्लेषा होती. ती फळा पुसत होती, पुसून झालेला भाग पुन्हा पुसत होती. तिनं वळून बघितलं नाही.

मी म्हणाले, ‘बस आता खाली.’

ती बसली नाही. जेवणाची घंटा झाली, पोरं डबे घेऊन पळाली, वर्ग रिकामा झाला. ती हात बांधून तशीच उभी, माझ्या तोंडाकडे बघत, मी काय सांगते त्याची वाट बघत. मी बराच वेळ जमिनीवर बसून राहिले. मग बाकाला धरून उठले, पिशवी घेतली आणि बाहेर आले.